लष्करातलं काव्यवाचन: कविता वाचावी की गावी?

लष्करवासी

नमस्कार मंडळी. परवा शनिवारी आमच्या ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, महाराज बाड्याजवळच्या एका माडीवर मराठी कवितासंग्रहाचं प्रकाशन आणि काव्यवाचन झालं. वृत्तान्त लिहायचाच होता, पण कार्यक्रमाच्या ऐन मध्यावर श्रोत्यांत एक वाद सुरू झाला. तो मला अजून सुटलेला नाही, म्हणून इथे मांडतोय. कवयित्रीचं आणि पुस्तकाचं नाव मुद्दाम देत नाही. धागा जाहिरातीचा होऊ नये, बोलणं मुद्द्यावर राहावं.

एरवी प्रकाशन म्हटलं की क्रम ठरलेला असतो. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग एकामागून एक भाषणं. ज्याचं पुस्तक, त्याच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं, तीही लोक चपला शोधायला उठलेले असताना. इथे आयोजकांनी क्रम उलटा केला. आधी तासभर फक्त कविता, नंतर प्रकाशन, आणि पाहुण्यांचं भाषण अगदी शेवटी, तेही थोडक्यात. पुस्तक प्रकाशित केलं ते अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणानं. तो हिंदीभाषी, छापखानाही हिंदी कामाचा. तिथे मराठी पुस्तक लावणं किती कष्टाचं असतं ते ज्यानं मुद्रितं तपासली आहेत त्यालाच कळेल. 'दऱ्या' लिहावं तर छापून 'दर्या' येतं, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'ळ'च्या जागी 'ल' तर पानापानावर. त्या मुलानं प्रत्येक 'ऱ्या' हातानं दुरुस्त केला होता. त्याला पुढे बोलावलं तेव्हा सभागृहानं जी दाद दिली ती मनापासूनची होती.

कवयित्री हिंदी माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर नागपूरचं. पहिली कविता लग्नानंतर ग्वाल्हेरला काढलेल्या पहिल्या उन्हाळ्याची होती, लू चालू असताना दुपारभर बंद ठेवलेल्या खोल्यांची. दुसरी किल्ल्याच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्तींवर. उरवाईच्या चढानं किल्ल्यावर गेलेल्यांनी त्या पाहिल्या असतील, पंधराव्या शतकातल्या, तोमरांच्या काळातल्या. ज्यांचे चेहरे फोडले गेले त्यांच्याबद्दल ती कविता बोलते, आणि रागाचा एकही शब्द न वापरता बोलते. तिसरी वाड्याच्या वाटणीची. चार भावांत सगळ्याची वाटणी होते, पण अंगणातला नळ कुणालाच देता येत नाही आणि तो सामाईक राहतो. ही कविता सुरू झाली आणि माडीवरचं वातावरणच पालटलं. जनकगंज, दौलतगंज, शिंद्यांची छावणी, जिथले म्हणाल तिथले लोक समोर बसले होते आणि प्रत्येकाच्या घरात असा एक नळ होऊन गेलेला.

आमच्याकडे दाद देण्याची रीत जराशी निराळी आहे, महाराष्ट्रातल्या मित्रांसाठी सांगतो. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या इथल्या मेळ्यात कविसंमेलन आणि मुशायरा ऐकत आमच्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे मराठी माणूसही कविता संपायची वाट पाहत नाही. ओळ आवडली की तिथेच 'वाह', आणि फारच आवडली की 'पुन्हा, पुन्हा!' त्या नळाच्या कवितेचं शेवटचं कडवं त्यांना परत वाचावं लागलं, मग आग्रहानं आख्खी कविता परत वाचावी लागली. दुसऱ्या वाचनात मला असं बरंच ऐकू आलं जे पहिल्यांदा निसटलं होतं.

आणि इथेच पुढच्या रांगेतले एक वयोवृद्ध काका म्हणाले, "ताई, आता हीच चालीवर म्हणा." त्या म्हणाल्या, "काका, ही मुक्तछंदातली आहे. चाल लावली तर ओळी मोडतील." काका गप्प बसेनात. "तांब्यांच्या गावात कविता गायची नाही, तर गायची कुठे?" अर्ध्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या, उरलेल्या अर्ध्यानं 'नाही, नाही' म्हटलं. पुढची पंधरा-वीस मिनिटं व्यासपीठ बाजूला राहिलं आणि लोक आपसांतच बोलत होते. इतकं जिवंत काव्यवाचन मी बऱ्याच वर्षांत अनुभवलं नव्हतं.

काकांचं म्हणणं वरवरचं नव्हतं. भा. रा. तांबे मुंगावलीचे, ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी, १९४१ साली ते इथेच वारले. त्यांची समग्र कविता उघडून पाहा, कित्येक कवितांना जाती, म्हणजे मात्रांवर बांधलेलं वृत्त, आणि रागाचं नाव दिलेलं आहे, पुढे ठिकाण 'लष्कर, ग्वाल्हेर' आणि तारीख. म्हणजे कवीच्या मनात सूर आधीपासून होताच. शिवाय हे ख्यालगायकीचं गाव. काकांना कविता कानात सुरासकटच येते, त्यात त्यांचं काय चुकलं?

तरीही मला वाटतं की नवी कविता आधी नुसती वाचली जावी, आणि दोनदा वाचली जावी. सूर लागला की मी सुरामागे जातो, ओळीतला अर्थ मागे पडतो. नळाची कविता कुणी पहिल्याच खेपेला गायली असती तर मला चाल आठवली असती, नळ आठवला नसता. तुमच्याकडे काय रीत आहे? सविस्तर लिहा.

कोथरूडची_वाचक

काका, वृत्तान्त फार आवडला. अक्षरजुळणी करणाऱ्याच्या हातून प्रकाशन ही कल्पना तर आमच्या मंडळात लगेच सांगणार आहे.

पण मतभेद नोंदवते. तांबे आज माझ्या मुलीला ठाऊक आहेत ते लताबाईंच्या आवाजामुळे. शाळेच्या पुस्तकातून एखादी कविता येते नि जाते, गाणं घरात राहतं. पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ हे कवींचं मंडळ सुरू झालं. त्यातल्या यशवंत आणि गिरीश यांनी गावोगाव कविता गाऊन दाखवल्या, म्हणून सामान्य माणूस कवितेकडे वळला. त्याआधी ती थोड्या शिकलेल्या लोकांपुरती होती. गायन वगळलं तर तुमच्या माडीवर जमलेले लोकही हळूहळू कमी होतील अशी मला भीती वाटते.

लष्करवासी

ताई, हा मुद्दा मी मान्यच करतो, गाण्यामुळे कविता टिकल्या. पण कुठल्या टिकल्या ते पाहा. तांब्यांनी नाट्यगीतं लिहिली, एखाद्या प्रसंगात सापडलेलं माणूस स्वतःच्या तोंडानं बोलतं अशी. मराठीत हा प्रकार त्यांनी रुजवला. त्यातल्या लांबलचक कविता कुणी गात नाही, आणि गात नाही म्हणून आता वाचतही नाही. ज्या चार-सहा गायल्या गेल्या त्यांतूनही गाण्याच्या वेळेत बसेनात म्हणून कडवी गळली. मूळ कविता काढून ताडून पाहा. आपण तांबे ऐकले असं म्हणतो तेव्हा त्यांचा एक लहानसा भाग ऐकलेला असतो. राजकवीच्या गावात राहून मला हे लागतं.

सूर_तंबोरा

मी त्या दिवशी माडीवर होते. वाद फारच तापला तेव्हा मला बोलावून तांब्यांची एक कविता म्हणायला लावली. गाणं शिकवते, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूनं थोडं लिहिते.

ख्यालाच्या बंदिशीत शब्द किती असतात? स्थायी दोन ओळींची, अंतरा दोन ओळींचा. त्यावर आम्ही अर्धा तास गातो. तिथे शब्द सुराला टेकू देतात, आणि ते ठीकच आहे, बंदिश त्यासाठीच बांधलेली असते. कवितेत प्रत्येक ओळ नवं काही सांगते, ऐकणाऱ्याला मागे वळायला वेळ नसतो. तांब्यांची गीतं गाता येतात त्याला कारण त्यांची बांधणी आहे. ध्रुवपद फिरून येतं, सगळी कडवी एकाच जातीत, मात्रा सारख्या. पहिल्या कडव्याला बसलेली चाल शेवटच्यालाही बसते. मुक्तछंदात एक ओळ तीन शब्दांची आणि पुढची अकरा शब्दांची. तालात बसवायची तर लहान ओळीतला स्वर ओढावा लागतो आणि मोठी ओळ धावत म्हणावी लागते. कवयित्रीनं जिथे थांबायचं ठरवलं तिथे मला थांबता येत नाही. त्यांनी 'ओळी मोडतील' म्हटलं ते गाण्याच्या अंगानंही शंभर टक्के बरोबर आहे.

शिवाय आमच्या ग्वाल्हेर घराण्यात बोलांना मान आहे. बोलतान, म्हणजे शब्दांवरची तान, घेतानाही शब्द स्वच्छ ऐकू आला पाहिजे असा आमच्या गुरुजींचा दंडक होता. तेव्हा कविता गाताना शब्द बुडाला तर तो दोष गाणाऱ्याचा, गाण्याचा नाही. हा तेवढा भाग लष्करवासींनी दुरुस्त करून घ्यावा.

सयाजीनगरी

बडोद्याहून लिहितोय. तुमच्या वादात एक तिसरी गोष्ट राहून गेलीय असं वाटतं.

माझे वडील कविता गात नसत आणि वाचतही नसत, 'म्हणत' असत. प्रत्येक वृत्ताची एक ठरलेली चाल असे, शाळेतच शिकवलेली. शार्दूलविक्रीडित म्हणजे एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरानंतर यती. तिथे श्वास घ्यायचा, पुढची सात अक्षरं सोडायची. मंदाक्रांता म्हणजे चार, सहा, सात असे तुकडे. राग नाही, ताल नाही, वाद्य नाही. कुणालाही म्हणता येई, गळा असो नसो. आमच्या बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर हे वृत्तबद्ध लिहिणारे. त्यांची कविता नुसती वाचली तर कोरडी लागते, आणि पेटी-तबल्यावर घेतली तर तिची घडण झाकली जाते. तिला हे 'म्हणणं'च पाहिजे.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आमच्या घरांतून ही रीत होती. माझ्या वयाचे थोडेच उरलेत ज्यांना ती येते. २०१८ साली इथे साहित्य संमेलन भरलं, चौऱ्याऐंशी वर्षांनी. आधीचं बडोद्यातलं १९३४चं. मंडपात काव्यवाचनं भरपूर झाली, ती मी मन लावून ऐकली. पण मी ज्या सत्रांना बसलो त्यांत वृत्तात म्हणणारं कुणी भेटलं नाही. ग्वाल्हेरकरांनी असं म्हणणाऱ्या ज्येष्ठांचे आवाज आत्ताच भ्रमणध्वनीवर टिपून ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती.

गोले_का_मंदिर

काका, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्या माडीवर मागे जिन्याजवळ उभा होतो. घरी मराठी, बाहेर सगळं हिंदी. मराठी कवितेच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच आलो, आजीनं पाठवलं म्हणून.

मला तुमच्या वादातलं फार कळत नाही पण एक सांगतो. लिपी एकच असल्यामुळे मी मराठी पुस्तक वाचू शकतो, पण हिंदीच्या सवयीनं वाचतो. ताईंच्या एका कवितेत 'जग' हा शब्द दोनदा येतो. एकदा दुनिया या अर्थानं, एकदा 'जगणं' या अर्थानं. छापलेलं अगदी सारखं. मी पुस्तक घेऊन घरी वाचलं असतं तर दोन्ही एकसारखेच वाचले असते आणि ती ओळ माझ्यासाठी फुकट गेली असती. ताईंनी म्हटल्यावर दोन्ही 'ज' वेगळे ऐकू आले, आणि तेव्हा कविता समजली. आमच्यासारख्यांसाठी मोठ्यानं वाचणं फार गरजेचं आहे. गायलं असतं तर तो फरक मला पकडता आला असता असं वाटत नाही.

पुस्तक घेतलं. ताईंनी सही करताना विचारलं की तू लिहितोस का. हो म्हणालो. हिंदीत लिहितो.

इंदुरी_सराफा

वा, या मुलाची पोस्ट वाचून बरं वाटलं. बाळा, हिंदीत लिहितोस ते लिहीत राहा, संकोच करू नकोस. तुझ्याच मुलखात असं घडून गेलंय. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले, तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानातच होतं. घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत, आणि हिंदी कवितेत केवढे मोठे ठरले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र आमच्या इंदूरला जन्मले, ते मराठीत लिहिते झाले. एका घरात दोन भाषांतले दोन कवी. दोघांच्याही कविता गायच्या जातीच्या नाहीत. मोठ्यानं, न घाई करता वाचल्या तरच त्यातली धग पोचते.

लष्करवासी, आम्ही इंदूरला एक छोटी गोष्ट करून पाहिली. वाचनाआधी कवितेची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्यायची. उपयोग झाला नाही. सगळे खाली मान घालून कागद वाचत बसले, कवीकडे कुणी बघेना, आणि दाद तर बंदच. आता प्रत शेवटी देतो. तुमच्याकडे पुस्तकं आधी विकली की नंतर?

लष्करवासी

नंतर, आणि ते फार बरं झालं. जिन्याच्या तोंडाशी टेबल मांडलं होतं, चहा-कचोरी आणि थंडीचे दिवस म्हणून तिळाची गजकही तिथेच. कविता ऐकून भारावलेला माणूस खाली उतरताना पुस्तकापाशी थांबतोच. आमच्याकडे मराठी पुस्तक हवं असलं की पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं, टपालाचा खर्चच कधीकधी पुस्तकाच्या निम्मा होतो. हातात घेऊन, चाळून मराठी कवितासंग्रह विकत घेणं ही इथे नित्याची गोष्ट नाही. आणलेल्या प्रती संपल्या, काहींनी नावं लिहून ठेवली.

सूर_तंबोरा ताई, दुरुस्ती मान्य. तुम्ही त्या दिवशी जे म्हटलंत त्यात एकही शब्द हरवला नव्हता, हे इथेच सांगायला हवं होतं. सयाजीनगरी काका, तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. वाद घालणाऱ्या त्या ज्येष्ठ काकांकडे काल गेलो होतो. विचारलं, तेव्हा त्यांनी बसल्या बसल्या मंदाक्रांतेतले श्लोक म्हणून दाखवले, अगदी तुम्ही लिहिलंय तसे, तुकड्यातुकड्यानं. म्हणजे 'चालीवर म्हणा' असं ते म्हणाले त्याचा अर्थ त्यांच्या मनात 'गा' असा नव्हताच बहुधा. टिपणाचं काम रविवारपासून सुरू करतोय.

जयेंद्रगंजची_सून

जरा वेगळं लिहू का? वाद वाचताना आमच्या सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, १९६१ला इथे ग्वाल्हेरला संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाला बाई अध्यक्ष पहिल्यांदाच मिळाली होती आणि लष्करातल्या बायका केवळ त्यांना बघायला, ऐकायला मंडपात गेल्या होत्या. मला वाटतं ते इथे नोंदवलं पाहिजे, कारण कुसुमावतींचे यजमान म्हणजे कवी अनिल, मुक्तछंदासाठी हिरीरीनं लढलेले. म्हणजे तांब्यांच्या गावात मुक्तछंद काही काल आलेला पाहुणा नाही.

आणि दुसरं. माडीवर बायका निम्म्याहून जास्त होत्या, पण 'वाह' आणि 'पुन्हा' हे सगळे आवाज पुरुषांचे होते. आमच्यापैकी कुणी मोठ्यानं दाद दिली नाही. नळाच्या कवितेला माझ्या शेजारच्या दोघी रडत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. कवयित्री स्त्री, घरातलं सगळं आमचं, मग दादही आम्हीच द्यायला हवी होती. पुढच्या वेळी मी देणार.

कोथरूडची_वाचक

जयेंद्रगंजची_सून, तुमची पोस्ट दोनदा वाचली. इथेही तसंच आहे.

माझं मत थोडं बदललं आहे हे सांगते. गाण्यानं कविता लोकांपर्यंत जाते यावर मी ठाम आहे. पण जी कविता गाण्यासाठी लिहिलेली नाही तिला लोकांसमोर आणायची दुसरी रीत आपण जोपासली नाही, हेही खरं. लष्करवासी काका, ती न गायली जाणारी नाट्यगीतं तुम्हीच का वाचून दाखवत नाही? तांब्यांची पुण्यतिथी ७ डिसेंबरला येते.

लष्करवासी

यंदाची पुण्यतिथी नुकतीच होऊन गेली. पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायची मला इच्छा नाही. आयोजकांशी बोललोय. संक्रांतीनंतरच्या रविवारी, त्याच माडीवर, दुपारी चारला, म्हणजे ज्येष्ठांना थंडीच्या आत घरी जाता येईल. तीन नाट्यगीतं घ्यायची, संपूर्ण, एकही कडवं न गाळता, आणि प्रत्येक दोनदा. पहिल्यांदा साधं वाचन. दुसऱ्यांदा जातीत म्हणायचं, ते काम ज्येष्ठ काकांनी स्वीकारलंय. सूर_तंबोरा ताई, त्यांना मात्रा सांभाळायला तुमची मदत लागेल. स्त्रीच्या तोंडची जी कविता आहे ती स्त्रीनंच वाचावी असं वाटतं. जयेंद्रगंजची_सून, तुम्ही वाचाल का? सासूबाईंनाही घेऊन या, १९६१च्या मंडपाबद्दल त्यांनी दहा मिनिटं बोलावं.

जयेंद्रगंजची_सून

वाचीन. कविता आठ दिवस आधी हातात द्या, मोठ्यानं सराव करायचा आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, खुर्चीतून वर न्यायला दोन मुलं लागतील.

गोले_का_मंदिर

मी आणि माझा मित्र येतो. काका, कवितांच्या छायाप्रतीही मी काढून आणतो, शेवटी वाटायला.